चेंडूवरचं बोट

स्कोपून, सांदोय बेट
२८ एप्रिल

प्रिय रान्वा,

तुझी निवड झाल्याचं बसवाल्या पोलीनं दारात येऊन सांगितलं, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मला आनंद झाला नाही असं समजू नकोस. झाला. पण कोकराच्या मागे मेंढी यावी तशी माझ्या आनंदामागे काळजी येतेच, त्याला मी काय करू?

एवढीशी आपली फेरो बेटं. इथे सतरा वर्षांखालच्या मुलींचं युरोपचं अजिंक्यपद भरणार, आणि यजमान म्हणून आपल्याला आयतीच जागा मिळणार. तुझी एल्स्पाआजी म्हणते, "पाहुण्यांना घरी बोलवायचं आणि त्यांच्याच हातून मार खायचा, असली ही यजमानकी!" माझी बहीण आहे, पण तिच्या तोंडाला कुंपण नाही. तू मनावर घेऊ नकोस.

मला काळजी वेगळीच आहे. राजधानीतल्या त्या मैदानावर खोटं गवत आहे. त्यावर घसरलं की गुडघ्याचं कातडं सोलून निघतं, असं पोली म्हणतो. दुसरं म्हणजे हॉटेलात खोल्या फार तापवून ठेवतात. गरम खोलीतून एकदम वाऱ्यात गेलं की छाती भरते. माझ्या मामाची भरली होती. म्हणून लोकरीचे दोन आतले सदरे पाठवतोय. किटच्या आत घाल, कुणाला दिसत नाहीत. शिवाय वाऱ्यावर सुकवलेल्या मटणाची एक तंगडी आहे. गेल्या ऑक्टोबरपासून खोपटीत टांगलेली, छान मुरली आहे. एल्स्पानं रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा दिला आहे.

मारिताबाईंनी तुम्हा सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले, हे फार बरं केलं. प्रशिक्षक असावा तर असा. तसंही फोनवर मला तुझा आवाज येत नाही, नुसता वारा येतो. पत्र सकाळी पोलीकडे दिलं की त्याच दिवशी तुझ्या हॉटेलावर पोचतं. तुझंही त्याच्याकडेच देत जा. तो वाचत नाही. निदान तसं म्हणतो.

मी मॅचला येणार का, असं तू विचारलंस. बघू. मेंढ्या व्यायच्या आहेत. छपरावरचं गवत एका बाजूनं उसवलंय. पूर्वीची बोट असती तर सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं, पण बोट बंद केली त्यांनी. बघू.

पायात मोजे दोन घाल.

तुझा आजोबा,
हानूस


तोर्शाव्न
३० एप्रिल

प्रिय आजोबा,

तुमची तंगडी पोचली. ती पोचल्याचं मला सांगावं लागलं नाही, तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांनाच कळलं. हॉटेलचा मॅनेजर नाक वर करून दारोदार हिंडत होता. आमच्याच मजल्यावर पोर्तुगालच्या संघातल्या पोरी आहेत, त्यांच्यातल्या एकीनं मारिताला विचारलं, "इथे कुणी आजारी आहे का?" मारिता म्हणाली, "नाही, इथे कुणाचे तरी आजोबा आहेत." आम्ही रात्रीच्या जेवणाआधीच अर्धी तंगडी संपवली. माझ्या खोलीतली सोलरून सुम्बा गावची आहे, दक्षिणेच्या टोकाची. तिचं मत असं, की स्कोपूनचं मटण चांगलं आहे पण सुम्बाच्या वाऱ्याची सर त्याला नाही. मी तिला उशी फेकून मारली.

सदरे घालते. खरंच घालते. सोलरूननंही एक घेतला.

आजोबा, एक गोष्ट सांगायची आहे. पेनल्टी मिळाली तर ती मी मारायची, असं मारितानं ठरवलंय. आईला मी हे नुसतं आनंदानं सांगितलं, पण तुम्हाला खरं सांगते. सरावात मी दहातल्या चारच मारल्या. का ते मला ठाऊक आहे. आयुष्यभर आपल्या गावच्या मैदानावर मी पेनल्टी मारली, ती तुम्ही समोर पालथे झोपून चेंडूवर बोट धरलेलं असताना. वाऱ्यात चेंडू धरायला आपलाच एक गडी आडवा होतो, यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला वाटायचं जगात सगळीकडे असंच असेल. मारिता म्हणते, बाहेरच्या देशांत हे कुणी करत नाही, आणि या स्पर्धेत तर चालणारच नाही. "चेंडू एकट्यानंच थांबतो, बाई," म्हणाली. पण मला समोर तुमचं ते वाकडं बोट दिसलं नाही की पाय कुठे टाकावा तेच कळत नाही.

म्हणून तुम्ही या. बाबा तर ग्रीनलंडकडे जहाजावर आहेत, त्यांचं येणं काही जमत नाही. आईची इस्पितळात कामाची पाळी असते, ती एखाद्याच मॅचला येऊ शकेल. पण तुम्हाला कोण अडवतंय? पहिली मॅच चार तारखेला पोर्तुगालशी, मग सातला डेन्मार्क, दहाला बेल्जियम. तिन्हींची तिकिटं तुमच्या नावानं दारावर ठेवली आहेत. तुम्ही गॅलरीत बसलात तरी पुरे. बोट तिथूनच दाखवा.

तुमची,
रान्वा


स्कोपून
३ मे

प्रिय रान्वा,

दहातल्या चार म्हणजे काही वाईट नाही. मी तर आयुष्यात एकही गोल केला नाही. गावच्या संघात मला घेतलं होतं ते बोट धरायलाच. आमचा कप्तान जाड पायाचा होता, त्याचा नेम एकदा चुकला आणि माझं हे बोट कायमचं वाकडं झालं. पण चेंडू आत गेला होता, आणि जाळीतून तो काढून आणायला मीच धावलो होतो, तसल्या बोटानं.

तेव्हा पेनल्टीची काळजी तू करू नकोस. ती मी करतो आहे. रोज करतो. काल जेवताना मनात आलं, मारताना तुझा पाय घसरला तर? खोट्या गवतावर पाणी मारतात म्हणे, मुद्दाम. मुद्दाम पाणी मारतात! आपल्याकडे पाऊस कमी पडतो म्हणून का? हे मारिताबाईंच्या कानावर घाल.

येण्याचं म्हणशील तर उद्या जमणार नाही. काळ्या तोंडाची मेंढी अजून अडली आहे आणि तिला सोडून जाणं मला शोभत नाही. शिवाय गुडघाही धरलाय. बसमध्ये इतका वेळ पाय दुमडून बसायचं म्हणजे अवघडच. आणि गर्दीत मला ऐकू येत नाही. तू म्हणशील, मॅच ऐकायची नसते, बघायची असते. पण ऐकू आलं नाही की मला दिसतही नाही नीट, माझं तसंच आहे.

डेन्मार्कच्या वेळी बघू.

एल्स्पानं या कागदाच्या पाठीमागे काहीतरी लिहिलंय. मला दाखवत नाही. तू ते वाचू नकोस.

तुझा आजोबा,
हानूस

(मागे:)
रान्वा बाळ, सगळ्या मेंढ्या आठवड्यापूर्वीच व्यायल्या. काळ्या तोंडाची तर सगळ्यांत आधी. गुडघ्याला काही झालेलं नाही, काल शिडीवर चढून छपरावर गेला होता. खरी गोष्ट अशी की तो बोगद्याला घाबरतो. समुद्राखालून रस्ता झाला, बोट बंद झाली, त्या दिवसापासून या माणसानं बेटाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. दात दुखत होता तर दोऱ्यानं काढला. मी म्हटलं, "अरे हानूस, साठ वर्षं समुद्रावर गेलास." तर म्हणतो, "समुद्रावर गेलो. समुद्राखाली जायला मी काय मेलोय?" तू रागावू नकोस. हसलीस तरी चालेल. — एल्स्पा


तोर्शाव्न
५ मे

प्रिय आजोबा,

तुम्ही वाचू नकोस म्हणालात म्हणून मी ते आधी वाचलं.

पोर्तुगालनं आम्हाला पाच गोल घातले, हे पोलीनं सांगितलंच असेल. तुम्हाला मी किती पळाले तेवढं सांगते. शेवटी पाय माझे आहेत की कुणाचे, ते कळेना. त्यांच्या पोरी चेंडू अशा एकमेकींना देतात जशी एल्स्पाआजी विणताना धागा सोडते, बघतही नाहीत. मॅच संपल्यावर सगळ्या बूट सोडत बसल्या. मग सोलरून म्हणाली, "सुम्बामध्ये निदान कुत्रा तरी मैदानात घुसून आपल्याला वाचवतो." तेव्हा सगळ्या हसल्या, मारितासुद्धा.

गुडघे सोलले नाहीत. सदऱ्यामुळे घाम मात्र फार आला.

आता बोगद्याचं. भिऊ नका असं मी म्हणणार नाही. भीती वाटते तर वाटते. मलाही पेनल्टीची वाटते. रोज सराव संपल्यावर मारिता मला थांबवून घेते, मी दहा मारते, आणि प्रत्येक वेळी चेंडूशेजारच्या त्या मोकळ्या जागेकडे माझं लक्ष जातं. मारिता ओरडते, "तिथे काय आहे?" मी म्हणते, काही नाही. खरंच तिथे काही नाही, तोच तर घोटाळा आहे.

पण आजोबा, परवा डेन्मार्क आहे. तुम्हीच नेहमी म्हणता ना, आपल्या लोकांनी कुणालाही हरवलं नाही तरी चालेल, आपल्यावर राज्य सांगणाऱ्या डेन्मार्कला तोंड दाखवायला जागा ठेवू नये. त्यांच्या पोरी जेवायच्या खोलीत आमच्याशी डॅनिश बोलतात, कारण आम्हाला ती शाळेत शिकवतात. आणि आम्ही आपसात काय बोलतो ते त्यांना कळत नाही. मारिता म्हणते, संघात हाच एक आपला भक्कम बचाव आहे.

तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण खोटी मेंढी पुढे करू नका. नाही येणार तर नाही असं लिहा.

तुमची,
रान्वा

ता. क. पोलीला मी विचारलं. तो म्हणाला, बोगद्यात तो रेडिओ मोठा लावतो. हवं तर तुमच्यासाठी बंद ठेवेल.


स्कोपून
६ मे

प्रिय रान्वा,

नाही.

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ लिहिलं. मी येणार नाही. गॅलरीत माझी वाट बघू नकोस. तू मला शोधायला लागलीस तर तुझं लक्ष चेंडूवर राहणार नाही, आणि मग जे होईल ते माझ्यामुळे झालं असं होईल. ते मला सोसवणार नाही.

एल्स्पाशी मी बोलत नाही. म्हणजे ती माझ्याशी बोलत नाही. कोण कुणाशी बोलत नाही ते नक्की नाही, पण जेवताना मीठ मागायची पंचाईत झाली आहे.

उद्या नैर्ऋत्येचा वारा आहे. जोराचा. सकाळपासून पक्षी खाली उतरले आहेत. तेव्हा एवढंच लक्षात ठेव. वारा माणसासारखाच असतो, त्याला एका दमात ओरडता येत नाही. मध्ये श्वास घ्यायला तो थांबतो. होडीतून धक्क्यावर उडी मारताना आम्ही त्या श्वासाची वाट बघायचो. जो घाई करी, तो पाण्यात. कोपऱ्यातला झेंडा खाली पडला की समज. आणि झेंडा दिसला नाही तर गालावर कळतंच. मी बोट धरायचो ते चेंडू हलू नये म्हणून, हे खरं. पण बोट असो नसो, थांबायचं तेवढं थांबावंच लागतं.

कान झाक. सदरा घाल, घाम आला तरी.

हानूस


तोर्शाव्न
८ मे

प्रिय आजोबा,

पोलीनं सांगितलं असेल, पण त्यानं कसं सांगितलं असेल ते मला माहीत आहे. तो म्हणाला असेल, "तीन-एक हरल्या," आणि बसचं दार लावलं असेल. म्हणून मी पहिल्यापासून लिहिते.

तीन गोल त्यांनी अर्ध्या वेळानंतर लवकरच केले. वारा इतका होता की आमच्या गोलकीपरनं मारलेला चेंडू वर जाऊन तिच्याकडेच परत आला. गॅलरीतली माणसं तरी गात होती. आपली माणसं हरताना जास्त चांगली गातात. मग शेवटाकडे सोलरून पुढे घुसली, कशासाठी ते तिलाही माहीत नाही, तिची जागा मागे असते. आणि डॅनिश मुलीनं तिला गोलासमोरच्या चौकटीत पाडलं. पंच सायप्रसच्या बाई होत्या, थंडीनं निळ्या पडलेल्या. त्यांनी खुणेनं पेनल्टी दिली.

मी चेंडू ठेवला. तो घरंगळला. परत ठेवला. परत घरंगळला. तिसऱ्यांदा ठेवून मी मागे वळले आणि बघते तर सोलरून चेंडूसमोर पालथी! बोट चेंडूवर. मारितानं इतक्या वेळा बजावलं होतं, पण हिच्या हाडातच ते. कुणी काही सांगितलं नाही, चेंडू हलला आणि ही झोपली. गंमत म्हणजे मला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. मी धावायला पाऊलसुद्धा उचललं. गॅलरीतही कुणाला नवल वाटलं नाही. सायप्रसच्या बाईंना मात्र वाटलं, पोर कोसळली! त्या शिट्टी वाजवत धावल्या, डॉक्टरला हात केला, डॉक्टर पेटी घेऊन आले. सोलरून ओरडतेय, "अहो, मी बरी आहे, मी चेंडू धरलाय!" पण आपल्या फेरोई भाषेत. बाईंना काय कळणार? शेवटी डॅनिश कप्तानाला आम्ही डॅनिशमध्ये समजावलं आणि तिनं इंग्रजीत बाईंना. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि मानेनं नाही म्हणाल्या. आणि डॉक्टर मैदानात आले म्हणून सोलरूनला नियमाप्रमाणे बाहेर जावं लागलं, धडधाकट असताना. जाताना मला म्हणते, "माफ कर गं, बोट घेऊन चालले."

मग मी, चेंडू आणि तो वारा. डॅनिश गोलकीपर हसत होती. वाईट नाही, आपलं उगीच, कुणीही हसलं असतं. मी चेंडू ठेवला आणि उभी राहिले. बाईंनी शिट्टी वाजवली. मी थांबले. गॅलरीतून कुणीतरी "मार ना!" ओरडलं. मी थांबले. कोपऱ्यातला झेंडा मला दिसत नव्हता, मध्ये सगळ्या पोरी उभ्या. मग गाल एकदम गरम झाला. खरंच, आजोबा. चेंडू जागच्या जागी बसला, जसं कुणीतरी वरून बोट ठेवावं. आणि मी मारला. डावीकडे, खाली.

नंतरचं मला नीट आठवत नाही. सोलरून बाहेरून पळत आत आली आणि तिला पिवळं कार्ड मिळालं. मॅच संपल्यावर शहरात गाड्यांचे हॉर्न वाजत होते. डॅनिश पोरींनी विचारलं, "तुम्ही हरलात ना?" आम्ही म्हटलं, हो, हरलो! आणि पुन्हा नाचायला लागलो. मटणाची उरलेली तंगडी आम्ही त्यांच्या गोलकीपरला भेट दिली. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "हा सूड आहे का?"

तुम्ही नव्हतात, याचा मला राग नाही. तुम्ही सरळ नाही म्हणालात, आणि मी कुणाला शोधलं नाही, त्याचा उपयोगच झाला. फक्त गोल झाला तेव्हा एक क्षण सवयीनं खाली बघितलं, तुम्ही कपडे झटकत उठताय का म्हणून.

एक विसरले. त्याच गोलामागच्या गॅलरीत नेमका त्याच वेळी कुणी म्हातारा कोसळला म्हणे. कठड्याशी माणसं जमली होती. नंतर कळलं, ठीक आहे, काही झालं नव्हतं. वाऱ्यानं चक्कर आली असेल बिचाऱ्याला.

तुमची,
रान्वा


स्कोपून
९ मे

प्रिय रान्वा,

त्या म्हाताऱ्याला चक्कर आली नव्हती.

आता मी सगळं लिहितो, पण तू हे पत्र संघात मोठ्यानं वाचू नकोस.

सहा तारखेला तुला नाही असं लिहिलं ते खरंच लिहिलं होतं. पत्र पोलीकडे देऊन घरी आलो, तर एल्स्पा न बोलण्याचं सोडून बोलली. म्हणाली, "हानूस, इस्पितळ पलीकडे आहे. कधीतरी तुला त्याच बोगद्यातून नेणार आहेत, तेव्हा तू आडवा असशील आणि तुला काही विचारणार नाहीत. त्यापेक्षा एकदा बसून जा." मी म्हटलं, मीठ दे. रात्र गेली. सकाळी दाढी केली. दाढी का करतोय हे मी स्वतःला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर करणं थांबवलं असतं. बसथांब्यावर पोलीनं मला बघितलं. रेडिओ बंद केला.

बोगद्याचं तोंड आलं तेव्हा मी डोळे मिटले. उतार लागला. कानांना दडे बसले. खाली, खाली, अजून खाली. बोट हलते, रान्वा. हललं की माणसाला कळतं आपण कुठे आहोत. इथे काहीच हलत नाही, तेच भयंकर. मी पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता. मग पोली म्हणाला, "हानूस, आता आपण तुझ्या कॉड माशांच्या जागेखाली आहोत." मी डोळे उघडले. नुसता पिवळा उजेड आणि दगड. साठ वर्षं मी तिथे वरून गळ सोडला, तळ कसा आहे ते दोरीवरून ओळखायचो, आणि आता त्याच तळाच्या पोटातून बसनं चाललो होतो. पोली म्हणाला, "वर मासे म्हणत असतील, गेला एकदाचा." मी हसलो. हसू आलं म्हणून नव्हे, पण हसलो. आणि मग उजेड आला.

तिकीट दारावर होतं. जागा चांगली होती, मधोमध. पण मी तिथे बसलो नाही. तू वर बघितलं असतंस आणि मी दिसलो असतो. म्हणून टोपी खाली ओढून गोलामागे, कठड्याशी, उभ्या लोकांत जाऊन राहिलो. त्यांचे तिन्ही गोल पलीकडच्या बाजूला झाले, मला ते नीट दिसले नाहीत, बरंच झालं.

मग ती पेनल्टी. माझ्या समोर, हाकेच्या अंतरावर. चेंडू घरंगळला तसा मी कठड्यावर ओणवा झालो. त्या सुम्बाच्या पोरीनं आडवं पडून बोट ठेवलं तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "शाबास!" मग तिला उठवलं. तिला बाहेर काढलं. तू एकटी उभी राहिलीस. आणि रान्वा, मला काय झालं ते मला सांगता येत नाही. मी त्या कठड्यामागे पालथा झोपलो. ओल्या सिमेंटवर. आणि हे वाकडं बोट पुढे टेकवलं. चेंडू पलीकडे होता, मी अलीकडे, मध्ये जाळी आणि कठडा. पण मला दुसरं काही येतच नाही.

शेजारचा माणूस घाबरला. गुडघ्यावर बसला, डॅनिशमध्ये विचारतो, "काका, ऐकू येतंय का? दिसतंय का? ही किती बोटं?" मी म्हटलं, "एक. आणि ते हलवू नका." त्याला वाटलं मी भ्रमात आहे. त्यानं माझा कोट सैल केला. दोघंतिघं आणखी वाकले. मी ओरडतोय, "वारा बघू द्या, वारा!" आणि तेवढ्यात माझ्या मानेवर ते कळलं. श्वास. मी बोट दाबून धरलं.

मग सगळं मैदान ओरडलं.

म्हणजे तुझा गोल मी पाहिलाच नाही. ऐकला. समुद्राखालून एवढा गेलो, आणि गोलाच्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे एका डॅनिश माणसाचे बूट होते. त्यानं उठवून उभं केल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, शाळेत शिकलेल्या डॅनिशमध्ये, सात वर्षं शिकलो आणि तीही माशांच्या हंगामात बुडवलेली. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "त्या गोलात उभी होती ती माझी मुलगी." त्यानंही गोल पाहिला नव्हता, मला वाचवत बसला होता. म्हणाला, "बरंच झालं. घरी गेल्यावर म्हणता येईल, मी बघितलं नाही." आम्ही हातात हात दिला. चांगला माणूस आहे. मटण त्याच्या घरी गेलं हे वाचून बरं वाटलं. त्याला म्हणावं पातळ काप आणि पावावर लोणी भरपूर लाव.

मॅच संपल्यावर तुला भेटायला यावं असं वाटलं, पण कोट पुढून पूर्ण ओला होता आणि डोळेही काही धड नव्हते. परतीच्या बसमध्ये आपल्या बेटाची माणसं होती, सगळे गात होते. बोगद्यातही गात होते. मी डोळे उघडे ठेवले. सगळे नव्हे, पण बराच वेळ.

आता उद्याचं. बेल्जियम. मी येतो. यावेळी मधल्या जागेवरच बसेन, निळी टोपी घालून, तुला दिसेन असा. वाटलं तर बघ, नाहीतर बघू नकोस. पेनल्टी मिळेल असं मी लिहीत नाही, समुद्रावर निघताना मासे मोजायचे नसतात. पण मिळालीच, तर मी उभा राहीन आणि डोळ्यांनी बघेन. बोट खिशात ठेवीन. तुला त्याची गरज नाही, हे मी झोपल्या झोपल्या ऐकलंच आहे.

उद्या वारा कमी आहे. मला ते बरोबर वाटत नाही. सदरा घाल.

तुझा आजोबा,
हानूस

(मागे:)
रान्वा बाळ, दारावर आणखी एक तिकीट ठेव. मीही येते. हा खिशाबिशाचं काय लिहितो त्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याचं बोट मी धरून बसते. — एल्स्पा